जुलाबाचे जंतू, त्यांचा मजकूर आणि आपल्या औषधांच्या पेट्या

(साहाय्यकांच्या मेळाव्यात आरोग्यकार्याविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून पाळकसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे व्याख्यान जेवणाआधी ठेवायचे की नंतर. विषयच तसा आहे. लहान मुलांचे जुलाब, त्यांचे शी-नमुने आणि त्यांत सापडलेले जंतू. पण ज्या पाड्यांसाठी आपण प्रार्थना करतो आणि पैसे काढून ठेवतो, तिथल्या आईला पावसाळ्यात रात्री झोप लागू न देणारा विषय हाच आहे. तेव्हा थोडा वेळ नाक मुरडणे बाजूला ठेवू या.

जगात आजही पाच वर्षांखालची चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी जुलाबाने दगावतात. हे ऐकले की आपल्या मनात लगेच येते : जंतू झाले, म्हणजे जंतू मारणारे औषध द्यावे. म्हणूनच आपल्याकडे येणाऱ्या औषधांच्या पेट्यांत प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या पट्ट्या सर्वांत जास्त असतात. देणाऱ्याच्या मनात प्रीती असते, याविषयी शंका नाही. त्या पट्ट्यांचे काय करावे, हा आज माझा मुद्दा आहे. मात्र तिथे पोचण्यासाठी आधी जंतूंकडून जावे लागेल.

डिसेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात आशिया आणि आफ्रिकेतील सात ठिकाणी एक मोठा अभ्यास झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘जेम्स’ म्हणतात. भारतातले ठिकाण होते कोलकाता, आणि तिथले काम राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने केले. बाकीची सहा ठिकाणे बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, माली, मोझांबिक आणि गांबिया या देशांतली. मध्यम ते तीव्र जुलाब झालेली पाच वर्षांखालची ९,४३९ मुले त्यात होती. पण मला या अभ्यासातली खरी शहाणपणाची गोष्ट वाटते ती पुढची. प्रत्येक आजारी मुलामागे त्याच वस्तीतले, त्याच वयाचे, मुलगा असेल तर मुलगा आणि मुलगी असेल तर मुलगी, असे धडधाकट मूलही शोधले आणि त्याचाही नमुना घेतला. अशी निरोगी मुले १३,१२९ झाली.

आजारी मुलांपैकी ८३ टक्के मुलांच्या नमुन्यात जुलाब करू शकणारा एक तरी जंतू सापडला. यात नवल नाही. पण निरोगी मुलांपैकीही ७२ टक्के मुलांच्या पोटात असा जंतू होता! अंगणात खेळणारे, भाकरी मागणारे, आईच्या पदराला लोंबकळणारे मूल, आणि पोटात रोगाचा जंतू. जिथे पाणी, माती आणि शौच यांच्यात अंतर राहत नाही, तिथे जंतू पोटात शिरणे ही रोजची गोष्ट असते. शिरलेला प्रत्येक जंतू आजारी पाडतोच असे नाही.

याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली, ती जड मनाने सांगतो. तीव्र जुलाब झालेल्या मुलांच्या घरी सुमारे साठ दिवसांनी पुन्हा भेट दिली, तेव्हा त्या मुलांत मृत्यूची शक्यता निरोगी मुलांच्या साडेआठपट आढळली. जुलाब थांबले म्हणजे धोका टळला असे नाही. जुलाब मुलाला आतून पोखरून जातात.

आता जंतूच्या मजकुराकडे येतो. आपल्या सर्वांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू राहतात. थिओडोर एशरिख या जर्मन बालवैद्याने १८८५ साली तान्ह्या मुलांच्याच शी-नमुन्यांतून त्यांचे वर्णन केले. बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी असतात, शेजारधर्म पाळून राहतात. पण त्यांच्यात काही घराणी बिघडलेली आहेत. त्यांतल्या एकाला ‘ईपेक’ म्हणतात. हा जंतू पटकीच्या जंतूसारखे विष सोडून पाणी उपसत नाही, त्याची रीत वेगळी आहे. आतड्याच्या पेशीला तो एक बारीक सुई टोचतो, त्या सुईतून स्वतःच्या घरची एक खुंटी पेशीत ढकलतो आणि मग त्याच खुंटीला स्वतःला अडकवून घेतो. दुसऱ्याच्या भिंतीत आपली खुंटी ठोकून तिथेच बिऱ्हाड करण्यासारखे हे झाले. ज्या लवीतून अन्नरस शोषला जातो ती लव तिथे झडून जाते. तान्ह्या मुलाला हे फार महागात पडते. ‘जेम्स’ अभ्यासात एक वर्षाखालच्या मुलांचा मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या जंतूंत ईपेकचा ठरावीक प्रकार होताच.

मग एकाला मारणारा आणि दुसऱ्याच्या पोटात गुपचूप राहणारा जंतू एकच, की वेगवेगळा? सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. म्हणून त्यांचा आतला मजकूर वाचावा लागतो. यालाच जनुकीय क्रमवाचन किंवा जीनोम सिक्वेन्सिंग म्हणतात.

प्रत्येक जंतूच्या आत चार अक्षरांत लिहिलेली एक पोथी असते. ई. कोलायच्या पोथीत सुमारे पन्नास लाख अक्षरे भरतात. इंग्रजी बायबलात तीस लाखांच्या थोडी वर अक्षरे आहेत, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाचा मजकूर त्याच्या दीडपटीहून मोठा. (निर्माणकर्त्याने अक्षरांची काटकसर केलेली नाही.) हा मजकूर सलग वाचता येत नाही. नमुन्यातला जंतू आधी ताटलीत वाढवतात, त्याचा डीएनए वेगळा काढतात, त्याचे तुकडे करतात आणि यंत्र शंभर-दीडशे अक्षरांचा एकेक तुकडा वाचते. असे लाखो तुकडे वाचून झाले की संगणक एकाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याशी जुळवत मूळ मजकूर उभा करतो.

मजकूर हाती आला की त्यावरून वंशावळ मांडता येते. ही रीत मंडळीला परकी वाटू नये. पवित्र शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करणारे विद्वान नेमके हेच करतात. दोन प्रतींत एकाच जागी एकच चूक असली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असे ते ओळखतात. जंतूही वाढताना स्वतःची नक्कल करतो, नक्कल करताना चुकतो, आणि त्या चुका लेकरांकडे जातात. चुका जुळवत गेले की कोण कोणाचा भाऊबंद ते कळते.

२०१६ साली ‘जेम्स’मधल्या जंतूंवर असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात सत्तर ईपेक जंतूंचे मजकूर ताडून पाहिले. काही जंतू दगावलेल्या मुलांचे होते, काही आजारी पडून वाचलेल्यांचे, तर काही मुळीच आजारी न पडलेल्यांचे. काही जनुके आजारी आणि दगावलेल्या मुलांच्या जंतूंत अधिक वेळा आढळली. पण मारणारे एकच कूळ वेगळे काढून त्याच्या कपाळी शिक्का मारावा, इतके सोपे निघाले नाही. कुळे पुष्कळ होती आणि प्रत्येकाजवळची हत्यारे निरनिराळ्या जोड्यांत होती.

दुसऱ्या अभ्यासात सातही ठिकाणच्या १८५ जंतूंचे मजकूर वाचले. सुई आणि खुंटी बनवण्याची कृती जिथे लिहिलेली असते, तो भाग पोथीत एका अध्यायासारखा असतो. हा अध्याय एकदाच कुठेतरी शिरून पुढे वारसाने उतरलेला दिसला नाही. तो वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या वेळी, पोथीच्या वेगवेगळ्या पानांत येऊन बसला होता. त्याचे तीस प्रकार निघाले. म्हणजे साधा, गरीब ई. कोलायसुद्धा हा अध्याय मिळाला की बिघडू शकतो. जंतूंच्या जगात वारसा जन्माने मिळतो तसा तो शेजाऱ्याकडून हातउसनाही मिळतो.

हे हातउसने देणेघेणे लक्षात ठेवा. आपल्या पेट्यांचा प्रश्न त्याच्याशीच येऊन भिडतो.

२०१८ साली याच जंतूंविषयी आणखी एक लेख आला. या वेळी प्रश्न होता : हे जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत? मुले रुग्णालयात खितपत पडलेली नव्हती, वस्तीतली साधी मुले होती. त्यांच्या पोटातल्या १०० जंतूंमागे ६५ जंतू तीन किंवा अधिक वर्गांतल्या औषधांना दाद देत नव्हते.

मला या लेखातल्या चार गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली : आजारी मुलाच्या जंतूत आणि निरोगी मुलाच्या जंतूत या बाबतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्या मुलाला कधी दवाखान्यात आणलेच नाही, त्याच्याही पोटात औषधाला न जुमानणारे जंतू होते. दुसरी : औषधाला दाद न देण्याची जनुके कुळावरून ठरत नव्हती, मुक्कामावरून ठरत होती. एकाच घराण्याचा जंतू एका देशात एक जनुके बाळगून होता, दुसऱ्या देशात दुसरी. तिसरी : ही जनुके बहुधा एकत्र बांधलेली आढळली. किल्ल्यांचा जुडगा असतो ना, तशी. एक जंतू दुसऱ्याला जुडगा देतो तेव्हा एक किल्ली काढून देत नाही, अख्खा जुडगा जातो. म्हणजे आपण एकाच औषधाची गोळी देऊन त्या एका किल्लीची निकड निर्माण केली, तरी तिच्याबरोबर बाकीच्या तीन-चार कुलपांच्या किल्ल्याही पसरतात.

आणि चौथी गोष्ट आपल्या दाराशी येणारी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही एका वर्गातली औषधे. सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन ही दुसऱ्या वर्गातली. ही औषधे जिथे जास्त वापरली जातात तिथेच त्यांना दाद न देणारे जंतू जास्त सापडले. आणि वापर आफ्रिकेपेक्षा दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, जास्त होता.

त्या सात ठिकाणांत नंदुरबार नाही, पालघर नाही, मेळघाट नाही. पण याच गोळ्यांच्या पट्ट्या आपल्याकडे औषधाच्या दुकानात ‘जुलाबाची गोळी’ म्हणून मागितल्या जातात. आणि इथे मला थोडे स्पष्ट बोलू द्या. आदिवासी माणूस अडाणी म्हणून गोळ्या मागतो, असे आपल्याला बोलायची सवय आहे. गोळ्या मागायला त्याला आपण शिकवले. पोट बिघडले की दुपारपर्यंत दोन गोळ्या तोंडात टाकून कामावर जाणारे आपण शहरातलेच लोक आहोत. उरलेली अर्धी पट्टी आपण पेटीत टाकतो आणि ती पाड्यावर जाते.

कोणी म्हणेल, निरोगी मुलाच्या पोटात असले जंतू असले तर बिघडले कुठे? ते त्याला काही करत नाहीत. उत्तर जपानमध्ये मिळाले, तेही साठहून अधिक वर्षांपूर्वी. तिथे आमांशाचा, म्हणजे रक्ताच्या हगवणीचा, शिगेला नावाचा जंतू एकाच वेळी अनेक औषधांना जुमानेनासा झाला होता. १९५९ साली ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवले की ही शक्ती ई. कोलायकडून शिगेलाकडे थेट जाऊ शकते. दोघे जवळचे भाऊबंद आहेत, जुडगा सहज हातोहात फिरतो. निरोगी मुलाचे पोट ही अशी कोठी आहे. आज तिथे साठवलेले उद्या शेजारच्या मुलाला झालेल्या आमांशाच्या जंतूला मिळते.

मला काळजी आहे ती या शेजारच्या मुलाची. शीमध्ये रक्त दिसते, ताप आहे, मूल मान टाकते आहे : या मुलाला प्रतिजैविक हवेच. पटकीचा संशय असून अंगातले पाणी फार गेले असेल, त्यालाही हवे. नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरले, तर त्याचा जीव या औषधावरच टांगलेला असतो. साध्या पातळ जुलाबांना मात्र त्याचा उपयोग नाही. तान्ह्या मुलांच्या जुलाबांचे फार मोठे कारण रोटा विषाणू आहे, आणि विषाणूला प्रतिजैविक काहीही करत नाही. (त्याची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात येऊ लागली. आपल्या ताई पाड्यावर जाऊन बाळाचे कार्ड मागतात ते यासाठीही.) साध्या जुलाबात दिलेली गोळी पोटातले गरीब जंतू मारते, जुडगेवाले जंतू शिल्लक ठेवते आणि त्यांना मोकळी जागा करून देते.

“पण गोळीने बरे वाटते!” हे मला दर वेळी ऐकावे लागते. बरे वाटते, कारण बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. श्रेय तेवढे गोळीला जाते.

तर मग काय द्यायचे? जलसंजीवनी आणि झिंक. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी आली. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखरेचाच एक प्रकार असलेले ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळले, ते पिंपांत भरून ठेवले आणि पाजायचे काम नातेवाइकांच्या हाती दिले. अशा वेळी शंभरातले तीस रोगी जात असत. त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण चारच्या खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले, आणि पुढच्या वर्षी देशाने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आतड्याच्या पेशीत साखर शिरताना मिठाला सोबत घेते आणि मिठामागे पाणी जाते, एवढेच या उपायाचे मर्म. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो आणि कोणत्या नाही, याच्याशी जलसंजीवनीला देणेघेणे नाही. ती जंतूला मारायलाच जात नाही, मुलाला तगवते.

यरीहोच्या लोकांचे पाणी वाईट होते, तेव्हा अलीशाने नव्या भांड्यात काय मागवले होते ते रविवारच्या शाळेतली मुलेही सांगतील. त्या मिठाचा आणि जलसंजीवनीचा संबंध जोडण्याइतका मी धाडसी नाही. पण आमच्या एका ताई पाड्यावर शिकवताना ही गोष्ट सांगतात, आणि बायका भांडे, पाणी, मीठ यांचा क्रम विसरत नाहीत. मी त्यांना अडवलेले नाही.

जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धे पाकीट पेल्यात टाकून चालत नाही. लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी असते, ते पेलाभर पाण्यात. केलेले पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचे, उरले तर ओतून द्यायचे. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. सहा महिन्यांखालच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, कारण पोखरलेले आतडे भरून यायला वेळ लागतो. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. भाताची पेज, वरणाचे पाणी, जे मूल खाईल ते द्यायचे. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे, त्यांतली जास्तीची साखर जुलाब वाढवते.

चार मैल चालत आलेल्या आईला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, असे आपल्या काही कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला मान्य आहे. तिच्या हातात काहीतरी पडलेच पाहिजे. म्हणून जलसंजीवनीची पाकिटे, झिंकची पूर्ण पट्टी, साबणाची वडी आणि लिटरभर मापाची बाटली, अशी एक पिशवी तिला द्यावी असे आरोग्य समितीने ठरवले आहे. पहिला पेला तिने तिथेच बसून, ताईसमोर, चमच्याचमच्याने मुलाला पाजायचा. यात अर्धा तास जातो. गोळी द्यायला अर्धे मिनिट लागते, त्यामुळे शिबिरात रांग लांबते आणि स्वयंसेवक कुरकुरतात. त्यांना चहा द्या, पण रांग अशीच चालू द्या.

तेव्हा पुढच्या तिमाहीपासून माझी विनंती अशी. पेटीत प्रतिजैविकांच्या पट्ट्या घालू नका, अर्धी वापरलेली पट्टी तर नकोच. दवाखान्याला ती औषधे लागतात, पण ती आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे विकत घेऊ. त्यासाठी पैसे दिलेत तर उपकार होतील. पेटीत जलसंजीवनी पाठवा, मुदतीची तारीख पाहून. झिंक पाठवा. अंगाच्या साबणाच्या वड्या पाठवा. घट्ट झाकणाची पाण्याची पिंपे आणि लांब दांड्याची ओगराळी पाठवा, म्हणजे प्यायच्या पाण्यात कोणाचा हात बुडणार नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचे काम ग्रामपंचायतीचे आहे. पण ती वेळेवर पडते की नाही हे विचारायला आपल्या कार्यकर्त्यांना पाड्यापर्यंत पोचावे लागते, आणि त्यासाठी गाडीभाडे लागते. गाडीभाड्याला देणगी द्यायला फारसे कोणी पुढे येत नाही, कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही.

मागच्या टेबलावर दोन खोकी ठेवली आहेत. आज ज्यांनी औषधे आणली आहेत त्यांनी प्रतिजैविके डावीकडच्या खोक्यात टाकावीत. आपले औषधनिर्माते बंधू ती तपासून पाहतील. उजवीकडच्या खोक्यात जलसंजीवनी आणि झिंक. ज्यांना कोणते कशात टाकावे हे समजणार नाही, त्यांनी जेवणाच्या सुटीत मला विचारावे. आणि जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवावेत, नळ सभागृहाच्या मागे आहे.